निजो : न विचारतां सांगितलेली कहाणी

राजांचीं, सेनापतींचीं आणि धर्मवीरांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचीं आहेत. पाठ्यपुस्तकांत तीं भेटतात, वक्तृत्वाच्या स्पर्धेंत भेटतात, आणि निबंधाच्या वहींत तर दरवर्षीं हटकून भेटतात. यंदां आम्ही जिचें चरित्र सांगणार आहों ती राणी नव्हती, वीरांगना नव्हती, किंवा साध्वी म्हणून पूजिली गेलेली स्त्रीही नव्हती. ती जपानच्या एका निवृत्त सम्राटाच्या पदरची उपपत्नी होती. शाळेच्या वार्षिकांत असा विषय कशाला, असें एखाद्या पालकास वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या वांट्यास आलेल्या आयुष्याचा हिशेब तिनें ज्या निर्भयपणें लिहून ठेविला, तो पाहतां तिच्याविषयीं मौन धरणेंच आम्हांस अनुचित वाटतें.

तिचें खरें नांव इतिहासास ठाऊक नाहीं. जपानची त्या काळची राजधानी म्हणजे आजचें क्योतो शहर. या शहरांत पूर्वपश्चिम जाणारे मोठे राजमार्ग आंखलेले असून त्यांस पहिला, दुसरा, तिसरा अशीं क्रमांकांचीं नांवें होतीं. दरबारांतील मानाच्या स्त्रियांस या रस्त्यांचींच नांवें देण्याची रीत होती. निजो म्हणजे दुसरा राजमार्ग. जी पुढें वर्षानुवर्षें रस्ते तुडवीत हिंडली, तिला आज आपण एका रस्त्याच्या नांवानें ओळखतों, हा योगायोग विलक्षण खरा.

निजोचा जन्म १२५८ सालीं झाला. तिचा बाप कोगा मासातादा हा मिनामोतो या थोर कुळाच्या शाखेंतील सरदार असून दरबारांत मंत्रिमंडळांत बसणारा होता. आजा तर मुख्य प्रधानाच्या पदास चढलेला. काव्यरचना हें या घराण्याचें परंपरागत भूषण होतें, आणि त्याचा अभिमान निजोच्या रक्तांत अखेरपर्यंत राहिला. तिची आई राजवाड्यांत सेवेस होती. निजो अजून पाळण्यांत होती तोंच आई वारली.

येथें त्या सम्राटाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. गो-फुकाकुसा हा १२४३ सालीं जन्मला आणि जपानी गणनेनें चौथ्या वर्षीं गादीवर बसला. सतराव्या वर्षीं बापाच्या इच्छेस मान देऊन त्यानें ती गादी धाकटा भाऊ कामेयामा यास सोडून दिली. जपानांत त्या काळीं सम्राटांनीं असें लवकर निवृत्त होणें रूढच होतें. निवृत्त सम्राटास स्वतंत्र वाडा, नोकरचाकर, जमिनीचें उत्पन्न, सर्व कांहीं असे. राज्यकारभार मात्र फार थोडा. खरी सत्ता पूर्वेकडे कामाकुरा येथील क्षत्रियांच्या हातीं गेलेली होती. पोराटकी वयांतच ज्यास राज्य करण्याचें काम उरलें नाहीं असा हा तरुण मेजवान्या, संगीत, काव्यस्पर्धा आणि स्त्रिया यांत दिवस घालवूं लागला. तो क्रूर नव्हता. तो क्रूर असता तर हें चरित्र समजण्यास कदाचित् सोपें गेलें असतें.

मुलीच्या आईविषयीं त्याच्या मनांत तरुणपणचा जिव्हाळा होता. त्या आठवणीनें त्यानें निजोस चौथ्या वर्षींच आपल्या वाड्यांत आणविलें. तो तिला ‘आगाको’ म्हणे. त्याचा अर्थ ‘माझें लेकरूं’ असा आहे. ती त्याच्या अंगाखांद्यावर वाढली. तेथेंच ती काव्य शिकली, आणि बिवा नांवाचें आपल्या वीणेच्या जातीचें तंतुवाद्य शिकली. नऊ वर्षांची असतांना तिनें एक चित्रपट पाहिला. चित्रपट म्हणजे लांबच लांब कागदाची गुंडाळी. ती उलगडीत जावें तसतशीं चित्रें पुढें येत. त्यांत सायग्यो या कवि-भिक्षूचा प्रवास रंगविला होता. सायग्यो हा पूर्वींच्या शतकांतला. राजवाड्यावरील शिलेदारी सोडून त्यानें तरुणपणींच संन्यास घेतला होता आणि पायीं देश पाहिला होता. ओढ्याकांठीं फुललेल्या झाडाखालीं उभा असलेला तो भिक्षु पाहून या मुलीच्या मनानें घेतलें कीं आपणही असेंच हिंडावें आणि जें दिसेल तें लिहावें. वाड्याच्या पडद्याआड वाढणाऱ्या सरदारकन्येनें अशी इच्छा करणें म्हणजे मासोळीनें डोंगर चढण्याची इच्छा करण्यासारखेंच होतें.

१२७१ सालच्या नववर्षाच्या दिवशीं वाड्यांत मद्यपानाचा समारंभ चालला असतां गो-फुकाकुसानें मासातादापाशीं त्याच्या मुलीची मागणी केली, आणि बापानें रुकार दिला. मुलीस कोणी कांहींच सांगितलें नाहीं. कांहीं दिवसांनीं ती बापाच्या घरीं गेली, तों घर नवे पडदे, नव्या चटया आणि उंची वस्त्रें यांनीं शृंगारलेलें. हें कशाकरितां, असें तिनें विचारिलें तेव्हां महाराज दिशाशूळ टाळण्यासाठीं आज मुक्कामास येणार आहेत, असें तिला सांगण्यांत आलें, आणि तिच्या भोळेपणास घरचीं माणसें हंसलीं. जपानी गणनेनें ती तेव्हां चौदा वर्षांची होती. आपल्या गणनेनें तिला पुरतीं तेरा वर्षेंही झालीं नसावींत. सम्राट सत्तावीस वर्षांचा होता. पुढील दोन रात्रींचें वर्णन तिनें स्वतः केलें आहे. आम्ही येथें एवढेंच सांगतों कीं तिच्या नकारास त्या घरांत कोणीही किंमत दिली नाहीं. ज्यानें तिला लेकरूं म्हणून वाढविलें तोच तिचा धनी झाला. आमच्या देशांतही अजाण मुलींचीं लग्नें मोठ्या थाटानें लावणारे बाप होऊन गेले, आणि तेही आपल्या मुलींचे वैरी नव्हते. म्हणून मासातादाकडे बोट दाखवितांना आम्हांस जरा संकोच वाटतो. परंतु बोट दाखविलें पाहिजे हें निश्चित.

पुढल्याच वर्षीं, १२७२ सालीं, मासातादा आजारी पडून वारला. मरतांना त्यानें मुलीस जवळ घेऊन निरवानिरव केली. महाराजांची सेवा निष्ठेनें कर. त्यांची मर्जी फिरली तर दुसऱ्या कोणाच्या आश्रयास जाऊं नकोस, घराण्यास बट्टा लावूं नकोस, सरळ केशवपन करून धर्ममार्गास लाग, असें त्याच्या सांगण्याचें तात्पर्य होतें. ज्यानें तिला या वाटेवर आणून सोडिलें त्यानेंच त्या वाटेचा शेवटही दाखवून ठेविला. निजोची बापावरील माया मात्र यत्किंचित् कमी झाली नाहीं.

यानंतरचीं अकरा वर्षें आम्ही थोडक्यांत सांगतों. १२७३ सालीं तिला सम्राटापासून मुलगा झाला आणि पुढल्या वर्षीं तो गेला. त्याच वर्षीं तिनें एका मुलीस गुप्तपणें जन्म दिला. या मुलीचा बाप सायोंजी सानेकाने नांवाचा तरुण सरदार होता. सम्राटाच्या आधींपासून त्याचें मन तिच्यावर होतें. मूल जन्मतांच त्यानें तें उचलून आपल्या घरीं नेलें, आणि सम्राटास गर्भ वांचला नाहीं असें कळविण्यांत आलें. त्या एका वर्षांत निजो दोनदां अपत्यहीन झाली, एकदां मृत्यूनें आणि एकदां असत्यानें. पुढें एका उच्चपदस्थ बौद्ध धर्मगुरूची आसक्ति तिच्यावर जडली. सम्राटास तें ठाऊक असूनही त्यानें तें थांबविण्याऐवजीं त्यास उत्तेजन दिलें. हा धर्मगुरु १२८१ सालच्या सांथींत मृत्यु पावला. याच काळांत, १२७४ आणि १२८१ सालीं, मोंगल बादशहा कुब्लाई खान याचीं आरमारें जपानच्या किनाऱ्यावर चालून आलीं होतीं. परंतु त्यांचा मागमूसही निजोच्या पुस्तकांत दिसत नाहीं. राजवाड्याच्या भिंती किती जाड असतात याचें याहून चांगलें माप आम्हांस ठाऊक नाहीं. यांपैकीं कांहीं गोष्टींत निजोचाही दोष होता, आणि तो तिनें झांकलेला नाहीं.

पण या वर्षांत नुसतें दुःखच होतें असें कोणी समजूं नये. १२७५ सालच्या नववर्षांतील एक हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस खचित आवडेल. पहिल्या महिन्याच्या पंधराव्या दिवशीं पेज शिजवीत, आणि ती ढवळण्याच्या काठीनें स्त्रियांच्या पाठींत हळूच मारिलें असतां त्यांस पुत्र होतो, अशी तिकडे समजूत होती. त्या वर्षीं सम्राटानें आपल्या सरदारांस गोळा करून वाड्यांतील सर्व स्त्रियांस बदडून काढविलें. स्त्रियांनीं सूड घेण्याचें ठरविलें. तीन दिवसांनीं सम्राट एकटा सांपडला, तेव्हां एकीनें त्यास घट्ट धरिलें आणि निजोनें काठीनें यथेच्छ झोडपलें! मग सम्राटानें सरदारांची सभा भरवून गंभीर मुद्रेनें फिर्याद मांडली. गुन्हेगार कोण? निजो. मग तिच्या नातलगांनीं दंड भरावा, असा निकाल झाला. आजोळच्या मंडळींनीं वस्त्रें, तलवारी, मेजवानी असा भारी दंड भरिलाही. शेवटीं पाळी बापाकडील वृद्ध आजीवर आली. ती भिक्षुणी झालेली होती. तिनें उलट सांगून पाठविलें कीं या मुलीस चौथ्या वर्षापासून महाराजांनीं वाढविलें, तर तिच्या वागण्याचे जबाबदार तेच नव्हेत काय? सभेस हें पटलें, आणि फिर्यादी सम्राटास स्वतःच दंड भरावा लागला.

सर्वजण पोट धरून हंसले असतील. परंतु ती वृद्धा थट्टेंत जें बोलली त्याहून खरें असें त्या वाड्यांत निजोविषयीं दुसरें कोणी कधींच बोललें नाहीं.

तिच्या स्वभावांतील ताठा दाखविणारा आणखी एक प्रसंग आहे. १२७७ सालीं वाड्यांत स्त्रियांची संगीतसभा ठरली. ‘गेंजी’ या प्रसिद्ध जुन्या कादंबरींतील पात्रांचीं सोंगें घेऊन एकेकीनें वाद्य वाजवावयाचें होतें. निजोकडे बिवा आला. ऐन वेळीं तिचा आईकडील आजा शिजो ताकाचिका आला. आपल्या मुलीस, म्हणजे निजोच्या मावशीस, वरची जागा मिळावी म्हणून त्यानें निजोस तिच्या जागेवरून उठवून खालीं बसण्यास सांगितलें. ती उठली ती थेट वाड्याबाहेर निघून गेली, आणि कित्येक दिवस कोणास सांपडली नाहीं. पुन्हां बिवा हातांत धरणार नाहीं अशी शपथ घेऊन तिनें तें वाद्य इवाशिमिझु येथील हाचिमानच्या देवळास अर्पण केलें. बायकी रुसवा म्हणून हें सोडून देणाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं. स्वतःची म्हणून जिला एक जागा होती, तीही कोणी न विचारतां काढून घेतली, तर तिनें काय करावें?

१२८३ सालच्या शरदांत शेवट आला. सम्राटाची पट्टराणी हिगाशि-निजो हिचा निजोवर फार दिवसांचा रोष होता. तिच्या आग्रहावरून निजोस वाड्यांतून काढण्याचें ठरलें. अब्राहामाच्या घरांतून हागारेस कोणाच्या सांगण्यावरून जावें लागलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस पवित्र शास्त्राच्या तासावरून ठाऊक आहेच. घरें निराळीं, देश निराळे, पण गोष्ट तीच. तुझें सर्व सामान आवरून वाड्याबाहेर पड, अशी चिठी तिला आज्याकडून आली. ती समजेना म्हणून ती सम्राटापुढें जाऊन उभी राहिली. तो एकदोन शब्द बोलून निघून गेला. बावीस वर्षांपूर्वीं ज्यानें तिला लेकरूं म्हणून आणविलें होतें, त्यानें निरोपाचें एक धड वाक्यही तिला दिलें नाहीं. ती सव्वीस वर्षांची होती.

यापुढें तिच्या पुस्तकांत सुमारें पांच वर्षांची जवळजवळ रिकामी जागा आहे. १२८५ सालीं सम्राटाच्या नात्यांतील एका नव्वद वर्षांच्या वृद्धेच्या वाढदिवसाच्या समारंभास ती हजर होती, एवढेंच काय तें कळतें. पुन्हां ती आपल्यास भेटते ती १२८९ सालीं. डोक्यावर केस नाहींत, अंगावर काळीं वस्त्रें आहेत, आणि पाय पूर्वेच्या रस्त्यावर आहेत. वय बत्तीस. बापाची आज्ञा आणि नवव्या वर्षींची इच्छा या दोन्ही एकाच वेळीं पूर्ण करण्यास ती निघाली होती.

ती चालत राहिली. वाटेंत ओवारी प्रांतांतील आत्सुताचें देऊळ लागलें. तिचा बाप एके काळीं त्या प्रांताचा सुभेदार होता. पुढें मिशिमा, एनोशिमा आणि कामाकुरा. राजवाड्यांतून ज्या क्षत्रियांचें नुसतें नांव ऐकिलें होतें, त्यांचा कारभार आतां तिनें प्रत्यक्ष पाहिला. त्याच वर्षीं तेथील शोगुन, म्हणजे नामधारी सेनाधिपति, राजपुत्र कोरेयासु यास पदच्युत करण्यांत आलें. काल ज्याच्यापुढें माना वांकत होत्या त्याच्या दिवाणखान्यांत शिपाई गवती वहाणा न काढतां शिरले. गुन्हेगारास नेतात तशी त्याची पालखी उलट्या तोंडानें नेली. गर्दींत उभ्या असलेल्या निजोनें हें सर्व टिपून ठेविलें. दुसऱ्याच्या घरांतून एका क्षणांत बाहेर घालविलें जाणें म्हणजे काय, हें तिच्याइतकें त्या गर्दींत कोणास कळलें असेल?

त्याच्या जागीं आलेला नवा शोगुन हिसाआकि हा गो-फुकाकुसाचाच पुत्र होता. त्याच्या स्वागताची तयारी चालली असतां कामाकुराच्या सर्वाधिकाऱ्याच्या घरून निजोस बोलावणें आलें. राजधानीहून त्याच्या पत्नीस पांच पदरी दरबारी वस्त्रें भेट आलीं होतीं, आणि शिंप्यांनीं त्यांचे पदर भलत्याच क्रमानें शिवले होते. तें नीट कसें करावें हें सांगणारें माणूस हवें होतें. हीं वस्त्रें पाठविणारी कोण? पट्टराणी हिगाशि-निजो! जिनें तिला वाड्याबाहेर काढिलें तिचीच भेट दुरुस्त करण्यास ही मुंडण केलेली भिक्षुणी बसली. तिनें दोष दाखविले, ते सुधारून दिले, आणि घडलें तें लिहून ठेविलें. त्यावर एक अक्षरही चरफडून लिहिलें नाहीं. आम्हांस हें फार मोठें वाटतें.

१२९० सालीं ती शिनानो प्रांतांतील झेन्कोजी या मोठ्या क्षेत्रास गेली. आपल्याकडे नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तें हेंच साल, शके १२१२. तेथून ती मुसाशीच्या माळरानांतून आसाकुसाच्या देवळास आणि सुमिदा नदीस गेली. आज जेथें तोकियो शहर पसरलें आहे तेथें तेव्हां घोड्यावरचा स्वारही दिसूं नये इतकें उंच गवत होतें, आणि चंद्र गवतांतूनच उगवून गवतांतच मावळे.

निजोचा धर्म आमचा नव्हे. ख्रिस्ताचें नांव तिच्या देशांत पोंचावयास अजून अडीचशें वर्षें अवकाश होता. ज्यांचें शव आज गोव्यास आहे ते संत झेवियर १५४९ सालीं तेथें उतरले. जी ज्योत तिच्या हातीं होती तिच्या उजेडांत ती चालली. पांच मोठे बौद्ध धर्मग्रंथ स्वहस्तें लिहून देवस्थानांस अर्पण करावयाचे असा तिचा संकल्प होता. हें काम वर्षानुवर्षांचें आणि खर्चाचें. तिच्यापाशीं पैसा नव्हता. आईची आठवण म्हणून सोनेरी नक्षीची एक पेटी, आणि बापाची आठवण म्हणून शाई उगाळण्याची दगडी दौत, एवढ्या दोनच वस्तु तिनें सर्व प्रवासांत जपल्या होत्या. अखेर तिनें त्या दोन्ही विकल्या. आधीं आईची पेटी गेली, मग बापाची दौत.

गो-फुकाकुसा तिला पुन्हां भेटला. तोही १२९० सालीं भिक्षु झाला होता. पुढल्या वर्षीं इवाशिमिझुच्या देवळांत ती अचानक त्याच्या दृष्टीस पडली. त्यानें तिला ओळखिलें, बोलावून घेतलें, आणि निघतांना आपल्या अंगावरील तीन वस्त्रें काढून दिलीं. त्यानंतर १२९३ सालीं फुशिमि येथील वाड्यांत दोघें रात्रभर बोलत बसलीं. स्त्रीजात एकटी इतकी कशी हिंडूं शकते, वाटेंत कोणा पुरुषाचा आधार घेतला असेलच, असे प्रश्न तो करीत राहिला. हा मनुष्य भिक्षु झाला तरी बदलला नव्हता! निजोनें देवांची शपथ वाहून सांगितलें कीं आपण एकटीच हिंडलों. त्यानें तें मानिलें असें दिसतें, कारण पुढें त्यानें तिला गुपचूप मदत पाठविली.

१३०२ सालीं ती पश्चिमेकडे, समुद्रांतून इत्सुकुशिमाच्या देवळास गेली. परत येतांना बिंगो प्रांतांतील वाचि गांवीं ती एका जमीनदाराच्या घरीं उतरली. तो दांडगा मनुष्य होता. तिनें त्याच्याकडे सरकत्या दारांवर चित्रें काढून दिलीं, म्हणून त्यास ती फार उपयोगी वाटली. पुढें ती जवळच त्याच्या भावाच्या घरीं राहावयास गेली, तेव्हां त्यानें गवगवा केला कीं ही आमच्या घरची वंशपरंपरेची दासी असून पळून गेली आहे! दोघां भावांत तंटा जुंपला. राजमंत्र्याची कन्या, सम्राटाच्या मांडीवर वाढलेली, आणि आतां दोन खेडवळ भाऊ ती कोणाची मालमत्ता यावरून भांडत होते. सुदैवानें त्यांचा एक वडीलधारा आप्त तेथें आला. तो निजोस कामाकुरांत भेटलेला होता. ही कोण आहे हें त्यानें सांगितलें आणि तिची सुटका झाली. हा प्रसंग ती जवळजवळ हंसत सांगते. आम्हांस मात्र तो वाचतांना पेजेच्या काठीची ती सभा आठवते. ही मुलगी कोणाची, हा प्रश्न तेथेंही निघाला होता.

१३०४ सालीं गो-फुकाकुसा मरणोन्मुख झाला. निजोनें इवाशिमिझुस जाऊन आपला जीव घे आणि त्याचा राख, असा नवस केला. मग ती सानेकानेकडे गेली. तो आतां वृद्ध आणि बलाढ्य झाला होता. एकदां रुग्णाचें दर्शन घडवा, एवढेंच तिनें मागितलें. तें घडलें, क्षणभरच. सम्राट वारला त्या रात्रीं ती वाड्याबाहेरच्या अंगणांत थांबली होती. प्रेतयात्रा निघाली तेव्हां घाईंत तिला पादत्राणें सांपडेनात. ती तशीच अनवाणी पालखीमागें धांवली. तिला त्या यात्रेंत स्थान नव्हतें. अंधारांत पायांस खडे बोचले, ती मागें पडली, वाट विचारीत विचारीत चालली. उजाडतां उजाडतां ती फुकाकुसाच्या स्मशानीं पोंचली, तों सर्व आटोपलें होतें. थोडा धूर राहिला होता तेवढा तिनें पाहिला.

अशा मनुष्यासाठीं इतकें दुःख कां, असें विद्यार्थी विचारतील. आम्हांस याचें समाधानकारक उत्तर देतां येत नाहीं. चौथ्या वर्षापासून तिला बाप, धनी, आणि राजा असे तीन पुरुष एकाच देहांत भेटले होते. त्यांपैकीं कोणासाठीं ती धांवली हें तिला तरी सांगतां आलें असतें कीं नाहीं, देव जाणे. त्यानें दिलेलीं तीन वस्त्रें ती एकेक करून देवस्थानीं अर्पण करीत आली होती. शेवटचें तिनें नाचि या तीर्थस्थानीं ग्रंथलेखन पुरें करून वाहिलें.

१३०६ सालानंतर तिचा ठावठिकाणा लागत नाहीं. ती केव्हां आणि कोठें वारली याची नोंद नाहीं. पांच भागांचें तिचें पुस्तक मात्र मागें राहिलें. त्याचें नांव ‘तोवाझुगातारी’, म्हणजे कोणीं न विचारतां सांगितलेली कहाणी. चौदाव्या शतकांतील एका इतिहासकारानें त्यांतील मजकूर नांव न घेतां आपल्या ग्रंथांत वापरला. त्यानंतर तें पुस्तक लोकांच्या दृष्टीआड झालें तें शतकानुशतकें. १९३८ सालीं यामागिशि तोकुहेइ या विद्वानास राजघराण्याच्या ग्रंथसंग्रहांत तें सांपडलें. तें तेथें भूगोलाच्या पुस्तकांत घालून ठेविलेलें होतें! प्रवासाचीं वर्णनें पाहून कोणा कारकुनानें तशी नोंद केली असावी. १९४० सालीं या शोधाची वार्ता विद्वानांस कळली, आणि पुढें तें छापलें गेलें. १९७३ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतरही निघालें, आणि आज तें त्या देशाच्या श्रेष्ठ वाङ्मयांत गणलें जातें.

सांपडलेली प्रत ही एकुलती एक असून ती निजोच्या हातची नव्हे; ती बऱ्याच शतकांनंतर केलेली नक्कल आहे. ज्यानें नक्कल केली तो प्रामाणिक मनुष्य होता. मूळ प्रतींत कांहीं ठिकाणीं कागद सुरीनें कापून काढलेला त्यास आढळला, आणि तेथें तेथें त्यानें तशी टीप लिहून ठेविली आहे. पुस्तकाच्या अगदीं शेवटींही अशीच एक टीप आहे. येथून पुढें पुन्हां कागद कापलेला आहे, आणि त्यांत काय होतें हें कळत नाहीं, असें तींत तो नोंदवितो.